घरात बाळ येतंय – भाग ६ : मांडी, झोळी आणि कारसीट

२०१० साली आपल्या शहरातल्या उद्योजक-डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एका दमात खरेदी केल्या आणि औरंगाबादचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. गाड्यांचं या गावाला वावडं कधीच नव्हतं. वाळूजला बजाजच्या मोटारसायकली आणि रिक्षा बनतात, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे; कितीतरी घरांची चूल चाकांवरच पेटते. पण दवाखान्यातून घरी निघालेलं तीन दिवसांचं बाळ अजूनही बहुतेक वेळा कसं येतं? मागच्या सीटवर, दुपट्यात गुंडाळून, आजीच्या मांडीवर. गाडी आल्टो असो नाहीतर मर्सिडीज.

गेल्या भागात पाळणा आणि झोप झाली. आज घराबाहेरचं बघू : कारसीट, कॅरिअर, बाबागाडी. दुकानात तिन्ही वस्तू एकाच रांगेत मांडलेल्या असतात, त्यामुळे तिन्हींची गरज सारखीच आहे असं वाटतं. तसं नाही. कारसीट जीव वाचवते, कॅरिअर हात मोकळे करतं आणि बाबागाडी आपल्या शहरात बऱ्याचदा गॅलरीत धूळ खाते. पैसे घालायचे ते याच क्रमानं. घरची कार नसेल तर कॅरिअर पहिलं.

मांडीचा हिशोब आधी करू. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे जात असते. जालना रोडवर सकाळी लवकर हा वेग सहज गाठला जातो. समोरून काही आडवं आलं आणि गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर पाच किलोचं बाळ त्या क्षणी सुमारे सत्तर किलोंच्या ओढीनं पुढे फेकलं जातं. थांबायला याहून कमी वेळ मिळाला तर ओढ आणखी वाढते. सत्तर किलोंची गोणी अचानक हिसका देऊन निघाली तर ती धरून ठेवील असा माणूस नाही. त्यात आजीनं स्वतः बेल्ट लावलेला नसेल, तर तीही पुढे जाते आणि बाळ तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडतं. दोघांना मिळून एकच बेल्ट लावणं तर अजून वाईट, कारण मग आजीचं सगळं वजन बेल्टच्या आतून बाळावर येतं.

हे सांगितलं की घरात ठरलेलं उत्तर येतं : ‘अगं, लेकराला त्या डब्यात कशाला कोंबता? आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत का?’ वाढवली, आणि छान वाढवली. पण तेव्हा लेकरं बैलगाडीतून आणि लाल डब्यातून माहेराहून सासरी जायची. आता शहराच्या उशाशी सावंगीला आणि माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढता येतं, आणि तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे. आजीशी वाद घालण्यापेक्षा तिला मागे, कारसीटच्या शेजारी बसवा आणि तिचाही बेल्ट लावा. बाळ सगळा रस्ता तिच्या नजरेसमोर राहतं, हातही लागतो. बहुतेक आज्या एवढ्यावर राजी होतात.

बाळाची सीट उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, का असते? १९६४ च्या सुमारास स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या डॉक्टरांनी अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. यान उडताना येणारा प्रचंड दाब अंतराळवीर पाठीवर झेलत होते, सगळ्या पाठीवर सारखा. लहान मुलांनाही असंच बसवता येईल, हे त्यांच्या लक्षात आलं आणि उलट्या कारसीटची सुरुवात तिथून झाली. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव हिस्सा असतं, मानेचे स्नायू आणि हाडं कोवळी. तोंड पुढे करून बसवलं तर समोरून धडक बसताच पट्टे छाती रोखतात आणि जड डोकं एकट्या मानेवर झोका घेतं. उलटं बसवलं तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत रुततात. युरोपच्या नव्या नियमात, ज्याला आय-साइझ म्हणतात, पंधरा महिन्यांआधी बाळाला पुढे तोंड करून बसवायला परवानगीच नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते की सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटंच ठेवा. ‘बाळाचे पाय दुमडतात’ ही तक्रार घरोघरी होते. पाय दुमडून बसणं बाळांना आवडतं. मांडी घालून आपणच अवघडतो.

एक नियम मात्र कुठल्याही सबबीनं मोडू नये. पुढच्या सीटसमोरची एअरबॅग चालू असेल तर उलटी सीट तिथे कधीही लावायची नाही. एअरबॅग फुटते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे.

मुलांना गाडीत बांधून बसवण्याबाबत कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यातलं कलम १९४-ब १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय गाडीत बसवलं तर एक हजार रुपये दंड. हेल्मेटची पावती फाटताना क्रांती चौकात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. या कलमाची पावती मी तरी अजून पाहिलेली नाही.

आता खरेदी. भारतात कारसीटसाठी एआयएस-०७२ हे मानक आहे, आणि वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. दुकानातल्या बऱ्याच सीटांवर युरोपच्या जुन्या मानकाचा नारिंगी स्टिकर दिसतो, गोलात ‘ई’ आणि आकडा असलेला. तोही चालतो. स्टिकरच नसेल तर ती सीट कितीही गुबगुबीत असली तरी खुर्चीच समजा. फक्त नवजातासाठीची, हातानं उचलून नेता येणारी सीट साधारण तेरा किलोंपर्यंत चालते. त्यापेक्षा मोठी, आधी उलटी आणि नंतर सुलटी लावता येणारी सीट तीन-चार वर्षं पुरते, पण लहान गाडीत पुढच्या सीटला खेटते.

म्हणून सीट ऑनलाइन मागवण्याआधी गाडी घेऊन दुकानात जा आणि बसवून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. वॅगनआर, स्विफ्ट यांसारख्या गाड्यांत घोटाळा होतो तो बेल्टच्या लांबीत. मोठ्या उलट्या सीटला वळसा घालून बेल्टची जीभ बकलपर्यंत पोचायला चार बोटं कमी पडतात, आणि हे घरी आल्यावर कळतं. मागच्या सीटच्या फटीत हात घालून आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या लागतात का तेही बघा. असतील तर सीट टक्कन अडकते आणि चूक व्हायला वाव कमी राहतो. नसतील तर तीन ठिकाणी पकडणारा बेल्ट हवाच. जुन्या गाड्यांत मधल्या जागेला असतो तसला नुसता कमरेचा पट्टा बहुतेक सीटांना चालत नाही.

बसवायची रीत अशी. सीट ठेवा, बेल्ट ओवा. उलटं बसवताना निळ्या खुणांमधून, पुढे तोंड करून बसवताना लाल खुणांमधून. मग सीटवर गुडघा रोवून सगळं वजन टाका आणि बेल्ट करकचून ओढा. जिथून बेल्ट ओवला तिथे धरून हलवल्यावर सीट इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. बाळाला बसवल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल आहे. पट्टा निघण्याची खाच उलट्या सीटमध्ये खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. इथे आपलं दुपटं आडवं येतं. बाळाला दुपट्यात गुंडाळून, वर स्वेटर घालून सीटमध्ये ठेवलं की पट्टा कपड्यांना आवळतो, बाळाला नाही. आधी बाळ, मग पट्टे, मग वरून दुपटं.

जुनी सीट घेऊ का, असं बरेच जण विचारतात. बहिणीची असेल, अपघातातून गेलेली नसेल, मुदत उलटलेली नसेल, तर जरूर. अनोळखी माणसाकडून नको. आदळलेल्या सीटची चीर बाहेरून दिसत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. उन्हाचं आणखी एक : मे महिन्यात निराला बाजारात अर्धा तास उभ्या केलेल्या गाडीत पट्ट्याचं धातूचं बकल चटका बसेल इतकं तापतं. बाळाला टेकवण्याआधी आपलं मनगट लावून बघा. आणि बंद गाडीत बाळाला दोन मिनिटंही एकटं सोडायचं नाही, एसी चालू असला तरी.

एक बारीक गोष्ट गाडी घेताना लक्षात ठेवा. गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्या २०२३ मध्ये सुरू झाल्या. त्यात मुलांच्या सुरक्षेचे वेगळे गुण असतात, एकूण ४९. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे गाडीत बसवून ती आदळतात, पण ते पुतळे कारसीटमध्ये बांधलेले असतात. शोरूममधला पोरगा मुलांच्या सुरक्षेचे जे स्टार कौतुकानं सांगतो ते कारसीटसकटचे आहेत. मांडीवरच्या बाळाला त्यातला अर्धाही स्टार मिळत नाही.

पहिलटकरणीचं बाळ आपल्याकडे सव्वा महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी माहेराहून निघतं. परभणी, बीड, नांदेड, म्हणजे काही तासांचा प्रवास. इतका वेळ बाळाला सलग सीटमध्ये ठेवू नये. हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो. तान्ह्या बाळाला अर्ध्या-एक तासानं, मोठ्याला फार तर दोन तासांनी बाहेर काढायचं. पुण्याला जाताना नेवासा फाटा आणि अहिल्यानगर हे थांबे धरूनच चाला. दूध पाजायचं ते गाडी उभी करून. कमी दिवसांचं किंवा अगदी कमी वजनाचं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबचा प्रवास नको.

कॅरिअर ही खरं तर आपल्याला नवी वस्तू नाही. ऊसतोडीला निघालेल्या बाया आणि बांधकामावरच्या मजूर आया जुन्या लुगड्याची झोळी बांधतात, आणि घरोघरी बाळ कडेवर वाढतं. कडेवरच्या बाळाचे पाय आपोआप फाकलेले आणि गुडघ्यात वाकलेले राहतात, ते खुब्याच्या सांध्याला मानवतं. पाय सरळ करून घट्ट बांधण्याची पद्धत मात्र घातक. जपानमध्ये १९७५ पासून तशी पद्धत सोडण्याची मोहीम झाली आणि निखळलेल्या खुब्याची मुलं पुष्कळ कमी झाली. कॅरिअर घेताना हेच बघा : बाळाच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत मांड्यांना खालून आधार मिळतो की नुसती दोन पायांमधली पट्टी आहे? गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत. बाळाचा चेहरा खाली बघितल्यावर दिसला पाहिजे, टाळूची पापी घेता येईल इतकं ते उंच हवं, आणि हनुवटी व छातीत दोन बोटांचं अंतर हवं. आपल्या हवेला सुती किंवा जाळीचं कापड बरं. फोम भरलेलं कॅरिअर एप्रिलमध्ये कुणी घालत नाही, ना आई ना बाळ.

आणि आता स्कूटर, कारण या शहराचं खरं वाहन तेच. बापानं पोटाशी कॅरिअरमध्ये बाळ बांधलंय, मागे आई, आणि अ‍ॅक्टिव्हा सिडकोतून गुलमंडीकडे निघालीय, असं दृश्य आता रोजचं आहे. कॅरिअर चालण्यासाठी असतं. गाडी आदळली तर बाळ हँडल आणि बापाची छाती यांच्यामध्ये असतं, म्हणजे बापाची एअरबॅग होतं. केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२२ ला निघाला आणि वर्षभरानं लागू झाला : चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. नऊ महिन्यांखालच्या बाळाला बसेल असं हेल्मेट नाही, त्याची मान ते वजन पेलतही नाही. माझं मत सरळ आहे : तोवर दुचाकी नको. बीड बायपासवर तर नकोच.

रिक्षात बेल्ट नाही, त्यामुळे कारसीट बांधायला जागा नाही. कॅरिअर असलं तर एक हात दांडीला धरायला मोकळा राहतो, एवढाच त्याचा उपयोग. मधोमध बसा, उघड्या बाजूला नाही, आणि ‘दादा, हळू चला, लेकरू आहे’ हे बसतानाच सांगा. घाटीतून किंवा कुठल्याही दवाखान्यातून बाळ घरी न्यायचं असेल आणि जमत असेल तर त्या दिवसापुरती कॅब करा आणि उचलायची सीट ओळखीत मागून घ्या. तीन ठिकाणी पकडणारा बेल्ट असलेल्या बहुतेक गाड्यांत ती बसते.

बाबागाडीबद्दल थोडक्यात. छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्यानं बनवली. त्यानं आधी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलं होतं, म्हणून ती इतकी सुबक मिटते. पण ती इंग्लंडच्या फुटपाथसाठी होती. औरंगपुऱ्यात फुटपाथवर दुचाक्या, हातगाड्या आणि उघडी चेंबरं असतात. पैठण गेटला बाबागाडी ढकलून दाखवणाऱ्याचा सत्कार करायला हवा. सोसायटीच्या आवारात, प्रोझोन मॉलमध्ये, विमानतळावर ती कामाची आहे. घ्यायचीच तर मोठ्या चाकांची, एका हातानं मिटणारी घ्या. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाठ पूर्ण आडवी होणारीच हवी. ऊन लागतं म्हणून वरून ओढणी टाकू नका, आत भट्टी होते. वेरूळला नेऊ नका; कैलास लेण्यात कॅरिअरच बरं.

पुढच्या आठवड्यात पांगुळगाडा आणि वॉकर. बाळाला आत बसवून सोडायचा चाकांचा वॉकर विकायला कॅनडात २००४ पासून बंदी आहे. आपल्याकडे तो बारशाला आहेर म्हणून येतो. आलेला असेल तर तोवर खोक्यातच राहू द्या.