तारीख वेगळी, वेळ वेगळी

केसरीवाड्याचा गणपती हा पुण्याचा मानाचा पाचवा, आणि नारायण पेठेचा अभिमान. अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते, लक्ष्मी रस्त्याने सरकत राहते आणि शेवटची मंडळे अलका चौक ओलांडेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झालेली असते. समजा, दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या एका कार्यकर्त्याने या मिरवणुकीची नोंद ठेवायला छोटा प्रोग्रॅम लिहिला. रकाने दोनच: सुरू झाल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. सुरुवात सकाळी १०.३०, शेवट दुपारी २.३०. वजाबाकी केली, उत्तर आले चार तास. प्रत्यक्षात मिरवणूक अठ्ठावीस तास चालली होती.

वजाबाकी बरोबर होती, पण नोंदीत तारीखच नव्हती. नवशिक्यांना हा विषय सोपा वाटतो आणि जुन्याजाणत्यांनाही तो हमखास अडवतो, म्हणून जरा सावकाश पाहू. उदाहरणासाठी पायथॉन घेऊ, कारण महाविद्यालयांत हल्ली बरेच जण पहिली भाषा म्हणून तीच शिकतात.

पायथॉनमध्ये या कामासाठी ‘डेटटाइम’ नावाचे मॉड्यूल आहे. त्यात चार प्रकार महत्त्वाचे. ‘डेट’ला फक्त वर्ष, महिना आणि दिवस कळतो. ‘टाइम’ला फक्त तास, मिनिट, सेकंद आणि त्याचे बारीक भाग कळतात. ‘डेटटाइम’ म्हणजे दोन्ही एकत्र. चौथा ‘टाइमडेल्टा’, म्हणजे दोन क्षणांमधले अंतर.

‘डेट’ला २०२५ सालची २९ फेब्रुवारी द्या, तो जागीच नाकारील, कारण ते लीप वर्ष नव्हते. २७ ऑगस्ट २०२५ दिली, म्हणजे त्या वर्षीची गणेश चतुर्थी, तर ती तो आनंदाने घेईल. त्याच तारखेला ‘टूऑर्डिनल’ विचारले की तो ७३९४९० हा आकडा देतो. इसवी सन १ च्या १ जानेवारीला एक धरून मोजलेले हे दिवस. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात यालाच अहर्गण म्हणतात. गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचले, त्यात ग्रहांचे गणित असेच एका ठरलेल्या दिवसापासून लोटलेल्या दिवसांवर उभे आहे. तारखांचे गणित सोपे होते ते यामुळेच: दोन तारखांमधले अंतर म्हणजे दोन पूर्णांकांची वजाबाकी.

‘टाइम’चे वागणे मात्र वेगळे. दोन ‘टाइम’ एकमेकांतून वजा करायला गेलात तर पायथॉन टाइपएरर दाखवून थांबतो. रात्रीच्या ११ मध्ये दोन तास मिळवायला सांगा, तेही तो करत नाही. उत्तर १ वाजता, पण कुठल्या दिवशीचा १? ‘टाइम’जवळ दिवसच नाही, म्हणून तो गप्प अंदाज बांधण्यापेक्षा नकार देतो. भाषा रचणाऱ्यांचा हा निर्णय मला फार योग्य वाटतो. आपल्या कार्यकर्त्याने वेळा ‘टाइम’मध्ये ठेवल्या असत्या तर चार तासांचे खोटे उत्तर त्याला मिळालेच नसते. त्याने हाताने मिनिटे काढून वजा केली असणार, किंवा काम एक्सेलमध्ये केले असणार.

एक्सेलची तऱ्हा वेगळी. तिथे तारीख आणि वेळ एकाच आकड्यात बसतात, तारीख पूर्णांकात आणि वेळ दशांशात. २७ ऑगस्ट २०२५ म्हणजे ४५८९६, सकाळचे १०.३० म्हणजे ०.४३७५, आणि दोन्ही मिळून ४५८९६.४३७५. रकान्यात नुसती वेळ लिहिली की पूर्णांक शून्य राहतो, आणि दुसऱ्या दिवशीची दुपार पहिल्याच दिवशीची होऊन बसते.

‘डेट’मध्येही एक खाच आहे. तारखेत २३ तासांचा ‘टाइमडेल्टा’ मिळवला तर काहीच बदलत नाही. २७ ऑगस्टची २७ ऑगस्टच राहते. ३० तास मिळवले तर २८ होते. ‘डेट’ त्या अंतरातले फक्त पूर्ण दिवस उचलतो आणि उरलेले तास सोडून देतो. एररही येत नाही, म्हणून ही चूक सापडायला वेळ लागतो.

मिरवणुकीसाठी खरा उपाय ‘कंबाइन’. तारीख आणि वेळ वेगवेगळ्या घ्याव्यात, ‘डेटटाइम’च्या ‘कंबाइन’ने जोडाव्यात आणि मग वजाबाकी करावी. ६ सप्टेंबर सकाळी १०.३० आणि ७ सप्टेंबर दुपारी २.३०, अंतर एक दिवस चार तास. पुन्हा सुटे करायचे असेल तर त्याच ‘डेटटाइम’वर ‘डेट’ आणि ‘टाइम’ या पद्धती आहेतच.

मग सगळेच ‘डेटटाइम’मध्ये का ठेवू नये? कारण काही गोष्टींना वेळ नसते आणि काहींना तारीख नसते. वर्गणीच्या पावतीला तारीख पुरते. रोजच्या संध्याकाळच्या आरतीला ८ ही वेळ पुरते. दहाही दिवस तीच. वाढदिवसालाही तारीखच लागते. अशा ठिकाणी बळेच मध्यरात्रीचे ०० वाजून ०० मिनिटे चिकटवली की घोटाळा सुरू होतो. जावास्क्रिप्टमध्ये वर्षानुवर्षे ‘डेट’ नावाचा एकच प्रकार होता आणि त्यात वेळ असतेच. त्याला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नुसती २०२५-०८-२७ अशी तारीख दिली तर तो ती ग्रिनिचची मध्यरात्र समजतो. पुण्यात ते पहाटेचे साडेपाच, तारीख २७ च दिसते. कॅलिफोर्नियात मात्र तेव्हा २६ ऑगस्टच्या संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. तिथल्या मराठी घरातल्या संगणकावर गणपती एक दिवस आधी बसतो. जावाने २०१४ मध्ये ‘लोकलडेट’ आणि ‘लोकलटाइम’ असे स्वतंत्र प्रकार आणले, ते अशाच अनुभवांतून.

जोडलेल्या तारीख-वेळेला तिसरी गोष्टही लागते, ती म्हणजे ठिकाण. रात्री ८ ची आरती परदेशातल्या नातलगांना थेट दाखवायची असेल तर सप्टेंबरात कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसात असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे जातात, की साडेसहा. म्हणून पायथॉनच्या ‘डेटटाइम’ला ‘झोनइन्फो’तून ‘एशिया/कोलकाता’ असा पत्ता जोडावा लागतो. पूर्वी यासाठी ‘पायटीझेड’ हे पॅकेज वापरत. त्याचा झोन ‘डेटटाइम’मध्ये थेट घातला की ग्रिनिचपासूनचा फरक साडेपाच तासांऐवजी ५ तास ५३ मिनिटे येई. हा आकडा कोलकात्याच्या जुन्या स्थानिक वेळेचा. भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला. मुंबईची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. पुण्याचे रेखांश ७३.८५ अंश, प्रमाणवेळेचे ८२.५. एका अंशाला चार मिनिटे धरली तर पुण्याची मध्यान्ह सरासरी १२.३५ च्या आसपास येते. जुन्या कागदपत्रांतल्या वेळा संगणकात भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायलाच हवे.

आणि तिथी? तिथे खरी परीक्षा आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते, आणि तिला साधारण १९ ते २६ तास लागतात. २०२५ ची भाद्रपद शुद्ध चतुर्थी २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. ती ‘डेट’च्या रकान्यात मावत नाही. दोन ‘डेटटाइम’ हवेत, सुरुवातीचा आणि शेवटचा. सण कुठल्या तारखेला, हे नंतर नियमाने ठरते. गणेश चतुर्थीला मध्यान्ही चतुर्थी पाहतात, म्हणून २७. संकष्टीला चंद्रोदय पाहतात, आणि तो गावागणिक वेगळा. म्हणून कालनिर्णयमध्ये शहरवार चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. रोजची तिथी सूर्योदयाला जी असेल ती. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली तर तो क्षय, दोन सूर्योदय तिने पाहिले तर वृद्धी. तारखेलाच तिथी मानून बांधलेला तक्ता इथे मोडतो.

नारायण पेठेत हे सांगायला आणखी एक कारण आहे. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला, आणि टिळक पंचांग आजही पाळले जाते. त्यात राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यावरून धरतात, दाते पंचांगात चित्रा ताऱ्यावरून. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक. तिथीचा क्षण दोन्हींत तोच, कारण तो चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर ठरतो. पण महिन्याचे नाव संक्रांतीवर ठरत असल्याने अधिक महिना कधी कधी वेगळा पडतो, आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी गणपती महिनाभर आधी येऊ शकतो. म्हणजे प्रोग्रॅममध्ये क्षण एका जागी, आणि त्याला दिलेले नाव कुठल्या पंचांगाचे, हे दुसऱ्या जागी ठेवावे लागते.

तेव्हा मंडळाचे, सोसायटीचे किंवा दवाखान्याचे वेळापत्रक कोडमध्ये बसवणाऱ्या प्रत्येकाने टेबल करण्याआधी प्रत्येक रकान्यासमोर लिहावे: तारीख, वेळ, की ठिकाणासह दोन्ही. मग दोन चाचण्या घ्याव्यात. सकाळी १०.३० ला निघून दुसऱ्या दिवशी २.३० ला संपणारी मिरवणूक टाकावी, उत्तर २८ तास यायला हवे. आणि संगणकाचे ठिकाण कॅलिफोर्निया करून २७ ऑगस्ट उघडावी. ती २७ च दिसली पाहिजे.