सॉफ्टवेअर येण्याआधी, सिल्वासात

कॉलेजात असताना वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकात माझी एकही कविता लागली नाही. पण भित्तिपत्रक लावायच्या आदल्या संध्याकाळी फळा पुसायचा, जुन्या टाचण्या उपटायच्या, नव्या पुरेशा आहेत का बघायचं, ही कामं हमखास माझ्या वाट्याला यायची. आज पोटापाण्यासाठी मी जवळपास तेच करते. एखाद्या कंपनीत मोठं सॉफ्टवेअर बसायचं असलं की त्याआधी जागा तयार करायला मला पाठवतात. आईला कोणी विचारलं तर ती सांगते, "कॉम्प्युटरचं काहीतरी आहे." मंडळाच्या अंकासाठी लिही म्हटल्यावर ठरवलं, ते 'काहीतरी' एकदा नीट सांगून टाकू.

त्यासाठी सिल्वासाची गोष्ट सांगते. बोरिवलीहून फ्लाइंग रानीने वापीला उतरायचं आणि तिथून रिक्षा धरायची. वापी गुजरातेत, सिल्वासा केंद्रशासित प्रदेशात. रस्त्यात राज्य कधी बदललं ते कळतही नाही. बिलाला मात्र लगेच कळतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७ आणि या दोघांच्या मध्ये दादरा-नगर हवेलीचे २६. मी गेले तो कारखाना पॉलिएस्टर सुताचा होता. त्यांचं सूत सुरतेला जातं, भिवंडीला जातं, इचलकरंजीला जातं. म्हणजे फाटकातून निघालेला जवळजवळ प्रत्येक ट्रक आंतरराज्य व्यवहार करतो. माल पन्नास हजारांच्या वरचा असला की ई-वे बिल हवंच. एक कागद अडला की ट्रक उभा.

आणि कागद अडायचेच. कच्चा माल आला की फाटकावर आवक क्रमांक, मग वजनकाटा, मग स्टोअर, मग खरेदी ऑर्डरशी ताळा, मग अकाउंट्स, मग मॅनेजरची सही. "बिल कुठे आहे?" या प्रश्नाला प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळायचं: "आमच्याकडून गेलं." हा प्रवास कॉम्प्युटरवर आणायचा, बिलाचा फोटो वाचायचा, ताळा लावायचा, ज्याची सही हवी त्याच्याकडे पाठवायचं आणि कोणी कधी काय मंजूर केलं त्याची नोंद ठेवायची, हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला बिझनेस ऑटोमेशन म्हणतात. आयबीएमचं 'क्लाउड पाक फॉर बिझनेस ऑटोमेशन' हे त्यातलं एक मोठं नाव. ते साध्या कॉम्प्युटरवर सीडी घालून बसत नाही. त्याला कंटेनरचा प्लॅटफॉर्म लागतो, रेड हॅटचं ओपनशिफ्ट किंवा तसा दुसरा कुठला.

कंटेनर म्हणजे काय, हे बोटीवरच्या कंटेनरवरूनच कळतं. २६ एप्रिल १९५६ला 'आयडियल-एक्स' नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेत न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याआधी प्रत्येक पोतं, प्रत्येक पेटी हमाल वेगळी चढवायचे. नंतर पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य उरलं नाही, कारण पेटीचा आकार ठरलेला. सॉफ्टवेअरचंही तसंच. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एका पेटीत बांधायचं, मग ती पेटी कोणत्याही मशीनवर ठेवा, चालेल. अशा शेकडो पेट्या कुठे ठेवायच्या, एखादी बंद पडली तर दुसरी कधी उभी करायची, हे बघणारी व्यवस्था म्हणजे कुबरनेटिस. गूगलने ती २०१४ साली सर्वांसाठी खुली केली आणि ओपनशिफ्ट तिच्यावरच उभं आहे. हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा. इकडे दमणच्या किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतात. मी कारखान्यात तोच शब्द वापरला आणि बरीच समजूत घालायची वाचली.

आता मुद्द्याची गोष्ट. या व्यवस्थेत कंटेनर मरण्यासाठीच असतो. तांडेलाला एखाद्या पेटीत बिघाड दिसला की तो दुरुस्त करत बसत नाही, ती फेकतो आणि तशीच नवी ठेवतो. फेकलेल्या पेटीच्या आत जे लिहिलेलं होतं ते तिच्याबरोबर जातं. म्हणून जे टिकायला हवं, म्हणजे बिलं, सह्या, नोंदी, ते पेटीबाहेर वेगळ्या साठ्यावर ठेवावं लागतं. तो साठा कुठे, कसा आणि कोणाच्या ताब्यात, हे सॉफ्टवेअर येण्याआधी ठरायला हवं. नंतर ठरवता येत नाही असं नाही, पण मधल्या काळात काय होतं ते मी अनुभवलंय.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी (नाव नको, चूक माझी होती) अशीच खरेदीची मंजुरी प्रणाली चाचणीला लावली होती. चाचणी म्हणायची, पण लोक तीन आठवडे त्यात खरी बिलं चढवत होते. एका शुक्रवारी अपग्रेड अर्ध्यात लटकलं. मी म्हटलं, सगळा प्रोजेक्ट पुसू, पुन्हा स्वच्छ बसवू, दोन तासांचं काम. पुसला. साठा वेगळा होता हे मला माहीत होतं, म्हणून मी निर्धास्त होते. पण मागणीनुसार आपोआप तयार होणाऱ्या साठ्याला एक नियम चिकटलेला असतो: मागणी पुसली गेली की साठ्याचं काय करायचं? वेगळं काही सांगितलं नाही, तर त्याचं उत्तर असतं 'डिलीट'. 'रिटेन' हवं असेल तर तसं आधी लिहावं लागतं. मी लिहिलं नव्हतं, बघितलंही नव्हतं. चारशेच्या वर बिलं गेली. अकाउंट्समधल्या एक ताई पुढचे चार दिवस उशिरापर्यंत थांबून ती पुन्हा स्कॅन करत बसल्या. मी शेजारी बसून पानं सरळ करून देत होते. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कागद फेकले नव्हते म्हणून वाचलीस गं बाळा." कागद फेकायचे म्हणूनच तर सॉफ्टवेअर आणलं होतं.

तेव्हापासून कुठेही गेले की पहिला प्रश्न साठ्याचा. सिल्वासातही तोच. तिथे दोन तऱ्हेचे साठे लागणार होते: एका वेळी एकाच मशीनला जोडला जाणारा, डेटाबेससाठी, आणि अनेक पेट्यांना एकाच वेळी लिहिता-वाचता येईल असा सामाईक. दुसरा नसेल तर इंस्टॉलेशन सुरू होतं, अर्ध्यावर जातं आणि तासन्‌तास 'पेंडिंग' दाखवत बसतं. चूक लाल अक्षरात येत नाही, नुसती वाट बघायला लावते. आम्ही दोन्ही साठे लावले, नियम 'रिटेन' केला आणि बॅकअप निराळ्या इमारतीतल्या मशीनवर ठेवला.

खरी फजिती व्हायची होती ती नेटवर्कवर, आणि ती टळली स्टोअरच्या काकांमुळे. ओपनशिफ्ट स्वतःच्या पोटात एक खासगी नेटवर्क उभारतं. त्याचे पत्ते तुम्ही सांगितले नाहीत तर ते ठरलेले घेतं: पेट्यांसाठी १०.१२८ पासूनचे, सेवांसाठी १७२.३० चे. आयटी सांभाळणाऱ्या मुलाने दिलेल्या नकाशात हे पत्ते कुठेच नव्हते. आम्ही "ठीक" म्हणून खूण केली. दुपारी चहाला काका भेटले. बावीस वर्षं याच कारखान्यात, मूळचे डहाणूकडचे. त्यांनी विचारलं, "मॅडम, काट्याचा आकडा तुमच्यात आपोआप येणार ना? त्याचा कॉम्प्युटर वेगळा हाय. काटा बसवणाऱ्यानंच लावून दिलाय, या पोराच्या आधीचा."

गेलो बघायला. वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक पिवळा पडलेला मॉनिटर, त्याच्या बाजूला चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पत्ता १७२.३० चा. म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरने काट्याला हाक मारली असती आणि ती हाक क्लस्टरच्या आतच फिरून विरली असती, कारण तो पत्ता आपल्याच घरातला आहे अशी त्याची समजूत. सेवांचे हे पत्ते इंस्टॉलेशननंतर बदलता येत नाहीत, सगळा क्लस्टर पाडून पुन्हा उभा करावा लागतो. आदल्या दिवशी कळलं म्हणून एका फायलीतली एक ओळ बदलून भागलं. आयटीचा मुलगा ओशाळला. त्यात त्याचा काय दोष? त्याच्या नकाशात जे होतं ते त्याने दिलं. चिठ्ठी नकाशात नव्हती.

बाकीची तयारी भराभर सांगते, कारण ती सगळीकडे सारखीच. सूत्रं हलवणारी मशीन तीन हवीत, म्हणजे एक पडलं तरी उरलेल्या दोघांचं बहुमत होतं. त्यांच्या डिस्क वेगवान हव्यात. सगळ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत, नाहीतर प्रमाणपत्रांवरून भांडणं. सॉफ्टवेअरच्या पेट्या परवान्याची किल्ली दाखवून इंटरनेटवरून आणाव्या लागतात. कारखान्याचं फायरवॉल बाहेर जाऊ देत नव्हतं, म्हणून आम्ही एका मशीनवर स्थानिक कोठार केलं आणि तिथे सगळ्या पेट्या आधी उतरवून घेतल्या. हे एका रात्रीत होत नाही. आणखी एक, गंमत म्हणून: क्लस्टर उभारायच्या सुरुवातीच्या फायलींतली प्रमाणपत्रं चोवीस तासांत संपतात. पोळ्या करून ठेवाव्यात तशा त्या आदल्या दिवशी करून ठेवता येत नाहीत. सर्व्हरचा टेम्पो उशिरा आल्यामुळे आम्हाला त्या दोनदा कराव्या लागल्या.

अधिकारांवर मात्र थांबायला हवं. हे सॉफ्टवेअर बसवताना सुरुवातीला सर्वाधिकारी खातं लागतं, कारण ते संपूर्ण क्लस्टरला नवे शब्द शिकवतं. एकदा बसलं की रोजच्या कामाला तेवढा अधिकार लागत नाही. पण बहुतेक ठिकाणी तो सर्वाधिकारी पासवर्ड तसाच राहतो आणि चौघांच्या मोबाइलमध्ये पोचतो. इथेही "एकच ठेवू, सोपं पडेल" असा सूर होता.

मी त्यांना त्यांच्याच गावाचा इतिहास सांगितला. पोर्तुगीज १९५४च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतं. पण भारतात कायदेशीर विलीनीकरण व्हायला १९६१ उजाडलं. मधली सात वर्षं इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. विलीनीकरणाच्या करारावर या बाजूने सही करायला सरकारप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान केलं गेलं. त्यांनी पंडित नेहरूंबरोबर करारावर सही केली. काम झालं, पद संपलं. "आपल्याला असंच खातं हवंय," मी म्हटलं. मॅनेजरसाहेब हसले, पण पटलं. बसवण्यापुरतं मोठं खातं, मग ते बंद, देखभालीला वेगळं, आणि बिलं मंजूर करणाऱ्यांना क्लस्टरमध्ये पाय ठेवायचीही परवानगी नाही.

शेवटच्या दिवशी चाचणी होती. ही मी नेहमी, जे वापरणार त्यांच्यासमोर करते. खरं सॉफ्टवेअर अजून यायचं होतं, म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लावला, जो फक्त बिलाचा फोटो घेऊन साठ्यावर ठेवतो. काकांनी खिशातून चहाच्या टपरीची पावती काढली, कोपऱ्यावर डाग असलेली. तिचा फोटो चढवला. मग मी चालू पेटी मारली. काही सेकंदांनी तांडेलाने नवी उभी केली. पान पुन्हा उघडलं. पावती होती, डागासकट.

"आता ती मशीन बंद करा," काका म्हणाले. त्यांच्या बोटासमोरच्या सर्व्हरची वायर आयटीच्या मुलाने माझ्याकडे बघत बघत उपटली. या वेळी जास्त वेळ लागला, पाच-सहा मिनिटं. खोलीत कोणी बोलेना. मला त्या शुक्रवारची आठवण येत होती. मग दुसऱ्या मशीनवर पेटी उभी राहिली आणि पावती आली.

मी प्रोजेक्टही पुसून दाखवला. या वेळी पडद्यावर काहीच उरलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. साठा तसाच होता; तो हाताने सोडवून नव्या प्रोजेक्टला जोडायला वीस मिनिटं गेली. पावती परत आली तेव्हा काकांनी ती कागदाची पावती घडी घालून पुन्हा खिशात ठेवली.

"आणि हे पुसायचं बटण," त्यांनी विचारलं, "ते कोणाच्या हातात राहणार?"

मॅनेजरसाहेबांनी एक नाव सांगितलं. काकांनी मान हलवली, "ते दिवाळीत गावी जातात." दुसरं नाव निघालं. मी दोन्ही लिहून घेतली आणि यादीवर काकांसकट तिघांच्या सह्या घेतल्या.