टोरांटोत उभी अमेरिकेची वेस

परक्या देशात उतरल्यावर पासपोर्ट-तपासणी आणि सीमाशुल्क यांच्या रांगेतून जावे लागते, ही विमानप्रवासाची सर्वसाधारण रीत होय. टोरांटोहून न्यूयॉर्कला निघालेला प्रवासी मात्र हे सारे सोपस्कार कॅनडाची भूमी सोडण्याआधीच, अमेरिकी गणवेशातील अधिकाऱ्यापुढे उभा राहून उरकतो. 'प्रीक्लिअरन्स', म्हणजे पूर्वतपासणी, या नावाची ही व्यवस्था १९५२ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या विनंतीवरून टोरांटोत सुरू झाली, तेव्हा तिला कोणत्याही कराराचा आधार नव्हता. तो १९७४ साली मिळाला, आणि आज व्हँकुव्हरपासून हॅलिफॅक्सपर्यंत कॅनडातील आठ विमानतळांवर ती चालते.

तपासणी-कक्षात अधिकारी प्रवासाचा हेतू विचारतो, परदेशी नागरिकांच्या बोटांचे ठसे घेतो, आणि विमान कंपनीकडे दिलेल्या बॅगेचे छायाचित्र त्याच्या पडद्यावर उमटलेले असते. त्याने होकार दिला की पुढचे विमान अमेरिकेत देशांतर्गत विमानासारखे उतरते. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया किंवा वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर परदेशी प्रवाशांच्या नियमित तपासणीची सोयच नसताना तेथे टोरांटोची विमाने उतरतात, ती याच कारणाने. विमान कंपन्यांना या व्यवस्थेचे एवढे अगत्य का, हे यावरून उमगावे.

खरा प्रश्न सोयीचा नाही, तर त्या कक्षात अंमल कोणाचा, हा आहे. भूमी कॅनडाची, कायदाही कॅनडाचाच, आणि तेथील मूलभूत हक्कांची सनद अमेरिकी अधिकाऱ्यालाही बंधनकारक. त्याला अटकेचा अधिकार नाही, संशयिताला रोखून कॅनडाच्या पोलिसांच्या किंवा सीमा अधिकाऱ्यांच्या हवाली करणे एवढेच तो करू शकतो. तरीही २०१५ च्या करारानुसार झालेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये अमलात आलेला नवा कायदा कॅनडात वादग्रस्त ठरला. आधीच्या १९९९ च्या कायद्यानुसार, गुन्ह्याचा सबळ संशय नसल्यास, प्रवासी अमेरिकेला जाण्याचा बेत रहित करून सरळ बाहेर पडू शकत असे. नव्या कायद्यातही परत फिरण्याची मुभा राहिली, पण फिरणाऱ्याने आपली ओळख आणि परतण्याचे कारण यांविषयीच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत, असे बंधन आले. अधिकाऱ्याने त्याला अवाजवी खोळंबून ठेवू नये, एवढाच त्यावर उतारा. कपडे उतरवून झडती घ्यायची तर आधी कॅनडाच्या अधिकाऱ्याला पाचारण करावे लागते, मात्र त्याने नकार दिल्यास किंवा तो वेळेत येऊ न शकल्यास अमेरिकी अधिकारी स्वतः ती घेऊ शकतो. आपल्याच देशात, अद्याप कुठेही न गेलेल्या नागरिकाने परक्या सरकारच्या माणसाला परतीचे कारण का सांगावे, हा टीकाकारांचा आक्षेप होता आणि तो रास्तच म्हणावा लागेल. समर्थकांचे उत्तर असे की, हीच चौकशी अमेरिकेत उतरल्यावर झाली, तर कॅनडाच्या सनदेचे संरक्षणही उरत नाही. तेही खोटे नाही, पण उतरलेल्या प्रवाशाने निदान सीमा ओलांडलेली असते.

हीच पद्धत आयर्लंडमधील डब्लिन व शॅनन, बहामाजमधील नासाऊ आणि २०१४ पासून अबू धाबी येथेही आहे. त्यामुळे मुंबईहून अबू धाबीमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्या मराठी प्रवाशाची अमेरिकी चौकशी आखाती वाळवंटातच आटोपते, आणि तेथे नकार मिळाला तर अमेरिकेचे विमान त्याच्याविनाच निघते. कॅनडाशी झालेला २०१५ चा करार मात्र कागदावर दुतर्फी आहे: कॅनडालाही आपले अधिकारी अमेरिकेत बसवता येतात, पण विमानतळांवर ही वाहतूक आजवर एकाच दिशेने झाली आहे.