अनाहूत दूरध्वनींना आळा

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ग्रामसभेची विषयपत्रिका तयार होत असते. एवढ्यात सरपंचांचा भ्रमणध्वनी वाजतो. क्रमांक अनोळखी असतो. तालुक्याहून पाणीटंचाईच्या प्रस्तावाबाबत विचारणा असेल, या समजुतीने ते फोन घेतात. पलीकडून मात्र कर्ज हवे आहे काय, अशी पृच्छा होते. तासाभरात दुसऱ्या क्रमांकावरून भूखंडाची जाहिरात होते, तिसऱ्यावरून विम्याची. चौथ्या वेळी फोन वाजतो तेव्हा सरपंच तो घेतच नाहीत, आणि नेमका तोच फोन प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेला असतो.

अनाहूत दूरध्वनींचे खरे नुकसान येथे आहे. वेळ जातो व मनस्ताप होतो, हे तर खरेच. परंतु अनोळखी क्रमांकावरील विश्वासच उडू लागतो, ही त्याहून गंभीर बाब होय. सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आशा कार्यकर्ती यांचा भ्रमणध्वनी हा केवळ खासगी राहिलेला नसतो. अडलेल्या माणसाला तो आधार वाटत असतो. म्हणून नकोसे फोन रोखताना हवे असलेले फोन अडणार नाहीत, याची दक्षता त्यांना घ्यावी लागते.

एक क्रमांक अडवला, दुसरा आला

स्मार्टफोनमध्ये एखादा क्रमांक अडविणे अतिशय सोपे आहे. आलेल्या फोनच्या यादीत त्या क्रमांकावर बोट दाबून धरले, अथवा त्याचा तपशील उघडला, की ‘ब्लॉक’ हा पर्याय दिसतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तेथेच ‘स्पॅम’ म्हणून नोंद करण्याचीही सोय असते. त्यानंतर त्या क्रमांकावरून येणारा फोन वाजत नाही.

तथापि हा उपाय अपुरा आहे. जाहिरात करणारा एकाच क्रमांकावर अवलंबून नसतो. त्याच्यापाशी अनेक सिमकार्डे किंवा एकत्रित घेतलेल्या जोडण्या असतात. संगणक एकामागून एक क्रमांक फिरवीत राहतो आणि उत्तर मिळेल तेथे माणूस बोलू लागतो. आपण एक क्रमांक अडवितो, तेव्हा आपल्यापुरते एक दार बंद होते. फोन करणाऱ्याची जोडणी मात्र चालूच राहते. ती बंद करण्याचा मार्ग तक्रारीतून जातो. म्हणून आधी तक्रार आणि मग अडवणूक, असा क्रम ठेवणे हितावह ठरते.

नियमांची वाटचाल

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, या प्रश्नावर पहिले विनियम २००७ मध्ये केले. ज्यांना जाहिरातीचे फोन नको असतील त्यांच्या क्रमांकांची राष्ट्रीय नोंदवही त्यातून अस्तित्वात आली. २०१० मध्ये विनियमांत सुधारणा झाली. त्यानंतर २०१८ चे विनियम आले. व्यापारी संदेश व फोन करणाऱ्यांची नोंदणी, ग्राहकाची पसंती आणि त्याची संमती या तिन्ही गोष्टींची नोंद संगणकीय खातेवहीत ठेवण्याची व्यवस्था त्यांनी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे विनियम आणखी कडक करण्यात आले.

फोन कोणाचा आहे हे क्रमांकावरूनच समजावे, यासाठी क्रमांकांच्या स्वतंत्र मालिका ठरविण्यात आल्या आहेत. नोंदणीकृत जाहिरातदारांसाठी १४० ने आरंभ होणारी मालिका आहे. शासकीय यंत्रणा आणि बँका, विमा यांसारख्या वित्तीय संस्था यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ची मालिका २०२४ मध्ये निश्चित झाली. म्हणून साध्या दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांकावरून कोणी बँकेचे नाव सांगितले, तर तो फोन बँकेचाच आहे असे गृहीत धरू नये.

पसंतीची नोंद

जाहिरातीचे फोन व संदेश मुळीच नको असतील, तर १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टार्ट’ हा शब्द व त्यापुढे शून्य असा संदेश पाठवावा, अथवा त्याच क्रमांकावर फोन करावा. बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे प्रकार पाडलेले असल्याने हवा तो प्रकार चालू ठेवण्याची मुभाही आहे. या नोंदीमुळे बँकेचे ओटीपी बंद होतील, अशी शंका काहींच्या मनात असते. ती निराधार आहे. व्यवहाराचे व सेवेचे संदेश या नोंदीनंतरही येत राहतात.

नोंद करूनही फोन येत असतील, तर आपण स्वतः कोठे संमती दिली होती काय, हे आठवून पाहावे. दुकानातील सोडतीची चिठ्ठी भरताना किंवा एखादे उपयोजन उघडताना आपला क्रमांक आणि संमती दोन्ही नकळत दिली जातात. अशी संमती मागे घेता येते.

तक्रार केव्हा व कशी

तक्रारही १९०९ वर, ट्रायच्या ‘डीएनडी’ उपयोजनातून किंवा आपल्या दूरसंचार कंपनीच्या उपयोजनातून करता येते. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत ती करावी. फोन करणाऱ्याचा क्रमांक, दिनांक आणि काय सांगण्यात आले याचा थोडक्यात उल्लेख एवढे पुरेसे असते. फोन नोंदणी नसलेल्या जाहिरातदाराचा असेल, तर २०२५ च्या सुधारणेनुसार तक्रारीपूर्वी पसंतीची नोंद केलेली असणे आवश्यक नाही.

या सुधारणेतील आणखी एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्यावर अशा जाहिरातदारावर कारवाईची वेळ येई. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत. पहिल्या उल्लंघनास त्याच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात. उल्लंघन पुन्हा घडल्यास त्या जोडण्या सर्व कंपन्यांकडून एक वर्षासाठी तोडल्या जातात. गावातील पाच जणांना एकच फोन आला आणि पाचही जणांनी क्रमांक नुसता अडविला, तर त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्या पाचांनी तक्रार केली, तर त्यातून कारवाई उभी राहू शकते.

सरसकट अडवणूक नको

अनोळखी क्रमांकाचा फोन वाजूच नये, अशी सोयही अनेक स्मार्टफोनमध्ये असते. आयफोनमध्ये ती २०१९ पासून आहे. निवृत्त गृहस्थास ती उपयुक्त ठरेल. परंतु लोकप्रतिनिधी वा शिक्षक यांनी ती विचारपूर्वकच वापरावी. पालक, रुग्णालय, पोलीस ठाणे यांचा पहिला फोन बहुधा अनोळखी क्रमांकावरूनच येतो. म्हणून नेहमीच्या कार्यालयांचे क्रमांक नावानिशी जतन करून ठेवावेत आणि चुकलेल्या फोनची यादी दिवसातून एकदोनदा पाहावी. फोन करणाऱ्याचे नाव दाखविणारी काही खासगी उपयोजने संपर्कयादी वाचण्याची परवानगी मागतात. ज्यांच्या यादीत गावातील लाभार्थ्यांचे क्रमांक आहेत, त्यांनी ही परवानगी देण्यापूर्वी विचार करावा.

जाहिरात निराळी, फसवणूक निराळी

जाहिरातीचा फोन त्रासदायक असतो. फसवणुकीचा फोन घातक असतो. दोहोंसाठी मार्गही भिन्न आहेत. वीज तोडण्याची धमकी, केवायसीचा बहाणा, किंवा पोलीस असल्याचे भासवून ‘डिजिटल अटक’ झाल्याची बतावणी असा संशयास्पद फोन आला, पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षु’ या सुविधेत त्याची माहिती द्यावी. ही सुविधा मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. डिजिटल अटक असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. आपल्या नावावर किती भ्रमणध्वनी जोडण्या आहेत, हेही संचार साथीवर पाहता येते व अनोळखी जोडणी आढळल्यास तसे कळविता येते.

पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरविली जाते. ती गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

गावपातळीवरील कार्य

हे तीन मार्ग प्रत्येकास ठाऊक असतीलच असे नाही. जाहिरातीसाठी १९०९, संशयास्पद फोनसाठी चक्षु आणि पैसे गेल्यास १९३०, एवढी माहिती पंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिता येईल. ग्रामसभेत दहा मिनिटे काढून एखाद्या तरुणाने दोन-चार ज्येष्ठांच्या फोनवर पसंतीची नोंद करून दाखविली, तर इतरांनाही ती रीत समजेल. पालक सभेतही हा विषय घेता येण्यासारखा आहे.

आरोग्य केंद्राचा फोन वाजला असता तो निःशंकपणे उचलला जावा, एवढाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे.