स्ट्रॉबेरीचीं निरोगी रोपें व प्रयोगशाळेंतील संवर्धन

स्ट्रॉबेरी म्हटली कीं महाबळेश्वर-पांचगणीचें नांव प्रथम येतें. परंतु आपल्या पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा ह्या उंचवट्याच्या तालुक्यांतही अलीकडे हें पीक होऊं लागलें आहे. बोईसर-तारापूरच्या उष्ण व दमट किनाऱ्यावर तें मानवणारें नाहीं. तरी रोपांसंबंधीं खालीं केलेला विचार किनाऱ्यावरील केळी लावणाऱ्यासही तितकाच उपयोगी आहे.

स्ट्रॉबेरीच्या बियांपासून मूळ जातीबरहुकूम रोप मिळत नाहीं. म्हणून तिच्या जमिनीवर धांवणाऱ्या खोडांस जीं रोपें फुटतात, तींच लावण्याचा प्रघात आहे. ह्या रीतींत एक दोष आहे. मातृरोपास विषाणुरोग जडला असल्यास तो त्याच्या पिलांत उतरतो. मावा तो शेजारच्या झाडांवर नेतो. आणि पीक दरसाल खालावत जातें. शेतकरी मात्र खत कमी पडलें असें समजून खतच वाढवितो.

यावर ऊतिसंवर्धन हा उपाय आहे. सन १९५२ मध्यें फ्रान्सांतील मोरेल व मार्टिन ह्या शास्त्रज्ञांनीं रोगी डालियाच्या शेंड्याचा सूक्ष्म कण वाढवून निरोगी झाड मिळविलें. कारण शेंड्याच्या अगदीं टोंकास विषाणु बहुधा पोहोंचलेला नसतो. हा अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेरचा कण निर्जंतुक बाटलींत ठेवतात. साखर, क्षार, जीवनसत्त्वें व वाढीचीं द्रव्यें एकत्र करून आगरानें थिजविलेलें अन्न बाटलींत असतें. सुमारें २५ अंश सेल्सिअस उष्णता व रोज १६ तास उजेड मिळाला म्हणजे कणास फुटवे येतात. ते वेगळे करून पुन्हां नव्या बाटल्यांत लावतात व शेवटीं त्यांस मुळ्या आणवितात. असें रोप नाजूक असल्यामुळें त्यास दमट हरितगृहांत बाहेरच्या हवेची हळूहळू संवय करावी लागते.

ह्या रीतीनें नवी जात निर्माण होते असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाहीं. नवी जात संकरानें व निवडीनें मिळते. ऊतिसंवर्धन तिच्या नकला काढतें. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत नकला काढण्यांत गेली. मुळांत एक आंकडा चुकला तर शंभर नकलांत तोच चुकतो, आणि खालीं ‘खरी नक्कल’ असा शेरा असतोच! रोपांचेंही तसेंच आहे. मातृरोप तपासलेलें नसेल तर प्रयोगशाळा रोगाच्याच नकला काढील. शिवाय एकाच कणापासून फार वेळां फुटवे काढीत गेल्यास कांहीं रोपें निराळ्या गुणांचीं निघतात.

म्हणून रोपें घेतांना तीन गोष्टी विचाराव्या: जातीचें नांव काय, मातृरोपाची विषाणुपरीक्षा झाली काय, व प्रमाणपत्र आहे काय. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें सन २००६ मध्यें अशा रोपांच्या प्रमाणनाची व्यवस्था सुरू केलेली आहे. माझ्या परिचयाच्या एका खातेदारानें स्वस्त मिळालीं म्हणून पावतीवांचून रोपें घेतलीं. तीं खुरटलीं, तेव्हां दाद मागण्यास हातीं कागदच नव्हता.

निरोगी रोप म्हणजे रोग न होणारें रोप नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. जुन्या रोगट झाडांशेजारीं तें लावल्यास मावा त्यासही रोग देईल. यास्तव आधीं जुनें पीक उपटून नष्ट करावें, आणि मगच नव्या रोपांवर पैसा घालावा.