सुट्टीआधीचा नाताळ

मसुरीच्या वर लंढौरच्या टेकडीवर वुडस्टॉक नावाची आंतरराष्ट्रीय निवासी शाळा आहे. तिथला नाताळ बघायचा म्हणून कोणी पंचवीस डिसेंबरला वर चढून गेलं, तर त्याच्या नशिबी कुलूपबंद वसतिगृहं, पहारेकरी आणि छपरांवर उन्हाला बसलेली वानरं एवढंच येईल. मुलं केव्हाच खाली उतरलेली असतात. शाळेचा नाताळ डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलेला असतो. तमिळनाडूतल्या कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलचं थोड्याफार फरकानं हेच. आपल्या पौडजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजातही डिसेंबरच्या उत्तरार्धात कॅम्पस ओस पडतो.

ज्या दिवशी सण, त्या दिवशी शाळेत कोणी नाही. त्यामुळे या शाळांतला नाताळ सामूहिक असला तरी तो निरोपाचा सण असतो. दिवे लागतात, गाणी होतात, जेवणावळी होतात आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर बॅगा भरल्या जात असतात. हे असं का झालं हे शोधायला लागलं की धागा थेट मलेरियापर्यंत जातो.

मदुराईत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या घरांत तापानं माणसं मरत होती, मुलं तर फारच. म्हणून १८४५ साली काही अमेरिकन कुटुंबांनी पळणी डोंगरात सुमारे सात हजार फुटांवर घरं बांधली. ‘सनीसाइड’ आणि ‘शेल्टन’ ही पहिली दोन. तेच पुढचं कोडाईकनाल. तिकडे लंढौर ही १८२७ पासून इंग्रज सैनिकांची हवापालटाची छावणी होती. तिथे १८५४ साली मुलींसाठी वुडस्टॉक शाळा निघाली आणि १८७०च्या दशकात ती अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या हाती आली. कोडाईची शाळा निघाली १९०१ मध्ये, ‘हायक्लर्क’ या नावानं. पहिल्या मुख्याध्यापिका मार्गारेट एडी मूळच्या आपल्या मिशनरी मुलाला भेटायला भारतात आलेल्या.

या शाळा निघण्याआधी मिशनऱ्यांसमोर एकच मार्ग असे, तो म्हणजे मुलांना अमेरिकेत नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात ठेवायचं. मग वर्षानुवर्षं भेट नाही. डोंगरातल्या शाळेनं हा वियोग वर्षांवरून महिन्यांवर आणला. आता प्रश्न उरला सुट्टीचा. एप्रिल-मेमध्ये मैदानी मुलुख भाजून निघे, तेव्हा आईवडीलच डोंगरावर येत. लंढौरला, कोडाईला भाड्यानं बंगली घेत आणि तेवढे आठवडे पोरं वसतिगृह सोडून आईपाशी राहून शाळेत जात. म्हणजे उन्हाळ्यात लांब सुट्टीची गरजच नाही. हिवाळ्यात मात्र मसुरीला बर्फ पडे, दगडी इमारती गरम ठेवणं आवाक्याबाहेरचं, आणि खाली मैदानात हवा सुरेख. शिवाय मिशनऱ्यांचा खेडोपाडी फिरण्याचा हंगामही हाच. तेव्हा मोठी सुट्टी वर्षाच्या अखेरीस. यात धर्मशास्त्र थोडं आणि थर्मामीटर जास्त आहे, असं माझं मत झालं आहे. नाताळ त्या सुट्टीत आयताच सापडला.

मग आला ‘गोइंग डाउन डे’. वुडस्टॉकच्या जुन्या विद्यार्थ्यांपुढे हे तीन शब्द उच्चारावेत आणि गप्प बसून ऐकावं. देहरादूनला रेल्वे आली १९०० साली. त्यानंतर कित्येक दशकं पोरांच्या टोळ्या शिक्षकांच्या देखरेखीखाली रेल्वेनं देशभर पांगत. त्यांना ‘ट्रेन पार्टी’ म्हणत. पत्र्याची ट्रंक आणि चामडी पट्ट्यांनी आवळलेला होल्डॉल हे सामान. होल्डॉल बांधणं ही एक कलाच होती. गादी-रजई पसरायची, उशीच्या खणात बूट कोंबायचे, दोघांनी गुडघे रोवून वळकटी करायची आणि तिसऱ्यानं पट्टा ओढायचा. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत गेला नाही की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक मोज्यावर, टॉवेलवर नावाची पट्टी शिवलेली, कारण धोबीघाटावर सगळ्यांचे मोजे सारखेच. कोडाईच्या मुलांना तर १९१०च्या दशकात घाटरस्ता होईपर्यंत डोंगराची पाऊलवाट उतरावी लागे. धडधाकट असतील ते चालत, बाकीचे डोलीतून.

खाली पोचल्यावरचा नाताळ कसा असे? इथे आपल्याकडची वाट येऊन मिळते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली आणि अहमदनगरला १८३१ साली. नगर-सोलापूर भागातल्या या मिशनच्या घरांतली मुलं पुढे कोडाईला शिकायला जाऊ लागली. या मिशनचं डोंगराशी नातं मात्र शाळेहून जुनं. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला आयुष्य घालवलेले सॅम्युएल फेअरबँक हे हौशी पक्षिनिरीक्षक होते. पळणी डोंगरात त्यांनी पक्ष्यांचे नमुने गोळा केले आणि तिथल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हे त्यांचं नाव आजही आहे. दुष्काळी नेवाशाचा माणूस धुक्यातल्या शोलावनातल्या पाखराच्या नावात जाऊन बसला, हे मला नाताळच्या कुठल्याही गोष्टीइतकंच नवलाचं वाटतं.

तर अशा घरातलं मूल डोंगरावर इंग्रजी कॅरल म्हणून निघे आणि नगरच्या खेड्यात येऊन टाळ-मृदंगावरची मराठी भजनं ऐके. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरला कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच रुजवली होती आणि पुढे नारायण वामन टिळकांची पदं घरोघर गेली. या मुलाला दोन्ही गाणी पाठ. दोन्ही ठिकाणी ते पाहुणंच.

या पाहुणेपणाचा पहिला नीट अभ्यास भारतातच झाला, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. रूथ हिल युसीम आणि जॉन युसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पतिपत्नी १९५०च्या दशकात इथे आले. भारतात काम करणारे अमेरिकन लोक, म्हणजे मिशनरी, वकिलातीतले अधिकारी, तंत्रज्ञ, व्यापारी, हा त्यांचा विषय. ही माणसं अमेरिकेतल्यासारखी जगत नव्हती आणि भारतीयांसारखीही नाही. त्यांच्यात आपसांत तिसरीच एक रीत तयार झाली होती आणि त्यांची मुलं त्या तिसऱ्या रीतीतच वाढत होती. ‘थर्ड कल्चर किड्स’ ही आता जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळांत रोज वापरली जाणारी संज्ञा इथून निघाली. अशा मुलाला ‘तुझं गाव कोणतं?’ विचारलं की ते अडखळतं. टॉम आल्टर हे आपल्या ओळखीचं उदाहरण. १९५० साली मसुरीत मिशनरी घरात जन्म, शिक्षण वुडस्टॉकमध्ये, नंतर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. उर्दू अशी बोलत की ऐकत राहावं, आणि तरी हिंदी सिनेमानं त्यांना आयुष्यभर साहेबाच्या भूमिका दिल्या.

शाळांचा चेहरा बदलला तो स्वातंत्र्यानंतर. १९५६ साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा मिशनरी कार्यावरचा अहवाल आला.  त्या काळापासून परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं अवघड होत गेलं आणि मिशनरी मुलं घटली. त्यांच्या जागी वकिलातींतली, कंपन्यांतली, परदेशस्थ भारतीयांची आणि पैसेवाल्या भारतीय घरांतली मुलं आली, मागाहून कोरियातली आली. कोडाईनं १९७६ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे आयबीचा अभ्यासक्रम घेतला, भारतात सर्वांत आधी. चर्चची शाळा जगाची शाळा झाली. वेळापत्रकातली हिवाळ्याची ती मोठी सुट्टी मात्र वुडस्टॉकमध्ये कोणी हलवली नाही.

आजचा डिसेंबर असा असतो. सूर्य मावळला की लंढौरहून क्षितिजावर दुसरंच एक क्षितिज दिसतं, केशरी-जांभळ्या पट्ट्याचं. त्याला ‘विंटरलाइन’ म्हणतात. ती ठळक होऊ लागली की सत्र संपत आल्याचं पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. केकचा सुका मेवा नोव्हेंबरातच भिजत पडलेला असतो. सिस्टर्स बाजारातल्या प्रकाशच्या दुकानात पीनट बटर आणि जॅमच्या बाटल्यांसाठी रीघ लागते. घरी न्यायची भेट म्हणजे तीच. अमेरिकन मिशनऱ्यांनी परत जाताना पीनट बटरची यंत्रं इथे विकली, असं लंढौरमध्ये सांगतात.

कॅरलच्या कार्यक्रमाचा साचा अशा बहुतेक शाळांत केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजकडून आलेला आहे. नऊ उतारे आणि मध्ये मध्ये गाणी. तिथे हा कार्यक्रम १९१८ साली, पहिलं महायुद्ध संपल्या संपल्या सुरू झाला आणि रेडिओमुळे जगभर गेला. वाचन सर्वांत लहानापासून सर्वांत वडीलधाऱ्यापर्यंत चढत जातं. शाळेला ही रचना फार सोयीची. आधी पहिलीतलं पोर, शेवटी प्राचार्य, मध्ये एखादी स्वयंपाकघरातली ताई किंवा बागेतले काका. वाचणाऱ्यांत ख्रिस्ती किती, हे आता कोणी मोजत नाही.

आणि ख्रिस्ती म्हटलं तरी नाताळ एका दिवशी नसतोच. इथियोपियाच्या, सर्बियाच्या मुलांचा नाताळ ७ जानेवारीला. युक्रेननं २०२३ साली कायदा करून सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली, तेव्हा त्यांच्या मुलांना दोन्ही तारखा माहीत. फिलिपिन्सच्या घरांत सप्टेंबरातच कंदील लागतात. जपानी मुलाला नाताळ म्हणजे स्ट्रॉबेरीचा केक. त्याच्या देशात त्या दिवशी साधी सुट्टीही नाही. एवढ्या सगळ्यांचा मिळून नाताळ करायचा तर तो कोणाच्याच खऱ्या तारखेला न करणं हेच बरं पडतं. सोयीनं निवडलेली डिसेंबरातली ती अलीकडची संध्याकाळ अशी अचानक सर्वांची होऊन जाते.

बारावीच्या वर्गाला मात्र गाण्यात मन घालणं जड जातं. अमेरिकन विद्यापीठांकडे लवकर भरलेल्या अर्जांचे निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतात, उरलेले अर्ज नव्या वर्षाच्या तोंडावर भरायचे असतात आणि आयबीचा चार हजार शब्दांचा निबंध मानगुटीवर असतोच. कॉयरमध्ये मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या मुलीच्या कोटाच्या खिशात फोन थरथरतो, आणि पुढच्या कडव्यात तिचा सूर लागला की हुकला यावरून शेजारणीला निकाल कळतो.

काही मुलं कुठेच जात नाहीत. महिंद्रा कॉलेजसारख्या ठिकाणी अनेक मुलं शिष्यवृत्तीवर येतात. दर सुट्टीत विमानानं घर गाठणं त्यांना परवडत नाही, कधी देशात युद्ध असतं. मग मित्राच्या घरी जायचं. पुण्यात, नाशकात, इचलकरंजीत एखाद्या घरी आफ्रिकेतला एखादा मुलगा डिसेंबरात हुरडा खातो, सगळ्यांना वाकून नमस्कार करायला शिकतो आणि आजीनं पाटावर बसवल्यावर लांब पायांचं काय करावं ते त्याला कळत नाही.

कर्मचाऱ्यांचा विषय निघाला की मी जरा खट्टू होते. सत्राअखेरीस मुलं त्यांच्यासाठी भेटी गोळा करतात, जेवण वाढतात, त्या दिवशी उलटापालट होते. हेतू चांगलाच असतो. पण लाखांत फी भरणाऱ्या घरातल्या मुलानं वर्षातून एकदा वाढपी व्हावं आणि त्याचे फोटो निघावेत, यात जुनी सरंजामी चव उरतेच. मला खरी वाटते ती शेवटच्या दिवसाची गडबड. बसच्या टपावर बॅगा चढवणारे गढवाली दादा कोणत्या मुलीची गिटार कुठल्या बॅगेखाली जाऊ द्यायची नाही हे पाठ असल्यासारखे ओरडत असतात.

आता आपल्या घरांविषयी. वुडस्टॉकसारख्या शाळेत गेलेलं मराठी मूल दिवाळीत घरी असेलच असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चार दिवसांची सवड मिळाली तरी पुणे-देहरादून जाण्यायेण्यात त्यातले दोन जातात. म्हणून शाळेत दिवाळी साजरी होते, आकाशकंदील, रांगोळी, नाच सगळं. घरून फराळाचं पार्सल जातं. त्यातही अनुभवानं ठरलेला क्रम असतो: शंकरपाळे आणि चिवडा पाठवायचा, चकली पाठवायची नाही, कारण तिकडे पोचतो तो चुरा, आणि लाडू बेसनाचेच, रव्याचे फुटतात. मूल घरी येतं ते डिसेंबरच्या मध्यावर आणि राहतं थेट जानेवारी संपेपर्यंत. म्हणजे मिशनऱ्यांच्या मुलांना बर्फापासून वाचवायला आखलेली सुट्टी आज कोथरूडमधल्या एका आजीच्या कढईचं वेळापत्रक ठरवते.

माझ्या ओळखीच्या अशा एका घरात आता चकल्या दोनदा होतात. भाऊबीज तर कधीचीच डिसेंबरात गेली आहे. बहीण ओवाळते, भाऊ केक कापतो, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. अडतं ते कुळाचाराशी. घराणं खंडोबाचं, आणि चंपाषष्ठी बहुतेक वर्षी मुलगा उतरण्याआधीच येऊन जाते. तळी त्याच्याविना भरली जाते. मग नाताळच्या सुट्टीत जेजुरीला जायचं ठरतं, आणि त्या आठवड्यात अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर असल्यामुळे सासवडच्या पुढे गाडी हलत नाही.