खुल्या फॉन्टचा मालक कोण?

कंधारसारख्या तालुक्याच्या गावी बसून एखाद्या विद्यार्थ्याने देवनागरी फॉन्टमधील जोडाक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीतील चूक सुधारली आणि ती सुधारणा मूळ प्रकल्पाकडे पाठवली, तर तिचा मालक कोण? 'फॉन्ट खुला, म्हणजे सर्वांचा' असे उत्तर सर्रास दिले जाते. कायद्याला ते मान्य नाही. मुक्त परवाना ही मालकाने दिलेली परवानगी असते. त्याने मालकी सुटत नाही.

'लोहित' फॉन्टचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले आणि रेड हॅटने प्रसिद्ध केलेले हे फॉन्ट आरंभी जीपीएल परवान्याखाली होते. हा परवाना मुळात आज्ञावलींसाठी लिहिलेला. त्यात बदल करून वाटप करायचे, तर तेही त्याच अटींवर. फॉन्ट मात्र दस्तऐवजात जाऊन बसतो. मग अपवादाचे कलम नसेल, तर फॉन्ट अंतर्भूत असलेल्या पीडीएफलाही त्याच अटी लागतात काय, असा पेच पडतो. सप्टेंबर २०११ मध्ये लोहितने खास फॉन्टसाठी तयार झालेला 'एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स' स्वीकारला. त्यात दस्तऐवजाला पूर्ण मोकळीक आहे. नुसता फॉन्ट सुटा विकण्यास तेवढी मनाई आहे. ज्यांनी जुन्या आवृत्त्या जीपीएलखाली घेतल्या होत्या, त्यांचे हक्क अर्थातच कायम राहिले.

असा बदल मालकच करू शकतो, आणि हात जितके अधिक तितक्या संमती अधिक. 'व्हीएलसी' या लोकप्रिय प्लेअरचा परवाना बदलताना दोनशेहून अधिक जणांना गाठावे लागले. लिनक्सच्या गाभ्याचे लेखक तर हजारो. तेथे बदल जवळजवळ अशक्यच. यावर उपाय म्हणून अनेक कंपन्या सहभागी होणाऱ्यांकडून व्यापक अधिकार आधीच लिहून घेतात. सोय खरी, पण एकतर्फी. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशिकॉर्पने 'टेराफॉर्म'चा खुला परवाना बदलून निर्बंध आणले, तेव्हा नाराज मंडळींना जुन्या खुल्या आवृत्तीवरून 'ओपनटोफू' ही वेगळी चूल मांडावी लागली.

आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. ती नोकरीचा भाग म्हणून लिहिली असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी कलम १७ नुसार नोकरी देणाऱ्याची. स्वतंत्रपणे लिहिली, तर ती त्या विद्यार्थ्याचीच. कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश नमूद नसेल तर केवळ भारत. जगभर वाटल्या जाणाऱ्या फॉन्टला एवढे पुरत नाही. म्हणूनच अशा करारपत्रांत 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द हमखास आढळतात.